घर शंभर किलोमीटरवर असताना

लांबच्या प्रवासात सर्वांत जपून राहण्याचा दिवस कोणता, असे विचारले तर बहुतेक जण पहिला दिवस सांगतील. सामानाची बांधाबांध, अपुरी झोप, अनोळखी रस्ता अशी कारणेही देतील. माझे मत निराळे आहे. पहिल्या दिवशी आपण सावध असतो, मधल्या दिवसांत आपण सरावतो. शेवटच्या दिवशी मात्र मन आधीच घरी जाऊन बसलेले असते आणि मागे राहिलेल्या थकलेल्या शरीराला आपण नुसते ओढत नेत असतो. शेतावरून परतणाऱ्या बैलांना चाबूक लागत नाही, हे आमच्या वऱ्हाडात लहान मूलही जाणते. गाव दिसू लागले की त्यांची पावले आपोआप झपझप पडतात. माणसाचेही तसेच होते. बैलांना तो रस्ता पाठ असतो आणि त्यांचा वेग तो कितीसा. आपल्या हाती मात्र ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने धावणारे यंत्र असते, एवढाच फरक.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात शेवटचा टप्पा कसा चालावा याचा एक वस्तुपाठ दरवर्षी डोळ्यांसमोर घडतो. शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी आषाढीसाठी पंढरपूरला पायी जाते. जाताना ती अकोल्याकडून परळी, सोलापूर अशी जाते. परतताना बीड, जालना करीत सिंदखेडराजाला आमच्या जिल्ह्यात शिरते आणि लोणार, मेहकर, जानेफळ असे मुक्काम करीत खामगावला पोहोचते. खामगावपासून शेगाव अवघे सोळा-सतरा किलोमीटर. शेकडो किलोमीटर चाललेल्या वारकऱ्यांना एवढे अंतर त्याच दिवशी उरकावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तसे होत नाही. पालखी खामगावला मुक्काम करते, वारकरी जेवतात, पाय शेकतात, निजतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेगावची वाट धरतात. मी खामगावची, त्यामुळे हा मुक्काम लहानपणापासून पाहिलेला. पण पाहिलेल्या गोष्टीचा उपयोग कधी करावा लागेल हे सांगता येत नाही. या जानेवारीत तो आम्हा दोघांना करावा लागला, म्हणून हा लेख.

आम्ही दोघे, म्हणजे ह्यांचे वय बहात्तर आणि माझे सदुसष्ट, आमच्या मोटारीने सव्वीस दिवस हिंडत होतो. कोकणातून गोवा, तिथून समुद्राच्या कडेने कन्याकुमारी, आणि आतल्या बाजूने परत. साडेचार हजार किलोमीटरांचा हा बेत गेली सहा वर्षे आखला जात होता. ह्यांना रक्तदाब आहे, मला मधुमेह. मला गाडी चालवता येत नाही. ह्या शेवटच्या वाक्याकडे, वाचकहो, जरा लक्ष द्या. ज्या जोडप्यात एकालाच गाडी येते, त्या जोडप्याच्या प्रवासात दुसऱ्याचे काम नकाशा पाहण्याचे आणि पाण्याची बाटली पुढे करण्याचे असते, असा समज आहे. खरे काम चालवणाऱ्याकडे पाहण्याचे असते.

आमचा अखेरचा मुक्काम जालन्याला नणंदेकडे होता. संक्रांत तिथेच झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला निघायचे ठरले होते. पण नणंदेच्या घरून कोणी आठला निघाल्याचे ऐकिवात नाही. शिदोरी, तिळगूळ, वाणाचे डबे, पुन्हा एकदा चहा, असे करीत दहा वाजले. ह्यांच्या मनात समृद्धी महामार्गाने जायचे होते. जालन्याला चढायचे, मेहकरला उतरायचे, दुपारच्या जेवणाला घरी. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जातो आणि त्याने अंतरे खरोखर आखडली आहेत. त्याच्याशी माझे वैर नाही. परंतु वयस्क चालकाने, आणि तेही सव्विसाव्या दिवशी, त्यावर जावे का, याविषयी मला शंका होती. सरळ, रुंद, एकसारखा रस्ता. ना गाव, ना वळण, ना बाजार. अशा रस्त्यावर डोळे उघडे राहतात आणि मन निजते. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर याच महामार्गावर, सिंदखेडराजा तालुक्यातील पिंपळखुटा शिवारात एक खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस प्रवासी मृत्यू पावले. ती जागा आमच्या वाटेपासून फार दूर नव्हती. मी एवढेच म्हटले, "अहो, जुन्या रस्त्याने जाऊ. सिंदखेडराजाला थांबायचं कबूल केलंत ना?" कबूल केले होते, म्हणून ते मुकाट्याने वळले.

जालन्याहून तासाभरात सिंदखेडराजा येते. १२ जानेवारी १५९८ हा जिजाऊंचा जन्मदिवस आणि हे त्यांचे माहेर. लखुजी जाधवांच्या राजवाड्याचा भव्य दरवाजा आजही उभा आहे. जयंतीचा सोहळा दोन-तीन दिवसांपूर्वीच आटोपला होता. मांडवाचे बांबू उतरवले जात होते, रस्त्यावर झेंडूच्या पाकळ्या वाळून पडल्या होत्या. गर्दी ओसरल्यानंतरचे हे दिवस आपल्यासारख्यांसाठी उत्तम. आत पायाखालचे दगड सगळीकडे सपाट नाहीत, तेव्हा काठी असेल तर गाडीत ठेवू नका. आम्ही अर्धा तास संथपणे फिरलो, नंतर मोती तलावाच्या बाजूला थोडे बसलो.

येथे एक व्यावहारिक गोष्ट सांगून टाकते. गाडी थांबली की लगेच उठून उभे राहू नये. बराच वेळ बसून उठताना, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना, रक्तदाब एकदम उतरतो आणि भोवळ येते. दार उघडून पाय जमिनीवर टेकवावेत, मिनिटभर तसेच बसावे, घोटे दहा-बारा वेळा वर-खाली करावेत, मग उठावे. घोट्यांची ही हालचाल चालत्या गाडीतही करावी. तासन् तास पाय लोंबकळत राहिले की पोटऱ्यांच्या शिरांत रक्त साकळण्याचा धोका वाढतो, आणि वय, लठ्ठपणा, पूर्वीची शस्त्रक्रिया यांनी तो आणखी वाढतो. दीड-दोन तासांनी उतरून पाच-दहा मिनिटे चालणे हा त्यावरचा साधा उपाय. दुसरे, पाणी. स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने आपल्याकडच्या बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत. त्याने भोवळ, मूत्रमार्गाचा दाह, बद्धकोष्ठ ही दुखणी मागे लागतात. लघवी होण्याची गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी ती कोणत्या वेळी घ्यावी हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून ठेवावे. आपल्या मनाने बंद करू नये.

सिंदखेडराजाहून निघालो तेव्हा बाराचा सुमार होता. हा सगळा प्रदेश जानेवारीत पाहण्यासारखा असतो. हरभरा घाट्यांवर आलेला, कुठे गव्हाची हिरवी पट्टी, कापून उभ्या केलेल्या तुरीच्या पेंढ्या, कडेला कापसाने फुगलेले टेम्पो. त्यांच्या ताडपत्रीतून सुटलेला कापूस बाभळींच्या काट्यांना अडकून राहतो आणि दुरून झाडे फुललीशी वाटतात.

ह्यांना एक सवय आहे. वाटेतल्या प्रत्येक गावाची पाटी ते मोठ्याने वाचतात. चव्वेचाळीस वर्षे मी ती ऐकत आले आहे. मल्याळी लिपीतल्या पाट्यासुद्धा खालचे इंग्रजी पाहून त्यांनी वाचल्या. किनगावराजा वाचले. दुसरबीड वाचले. त्यानंतर गाडीत शांतता पसरली. मी काही विचारले तर उत्तर "हं" एवढेच, आणि तेही उशिराने. गाडीचा वेग कधी साठ, कधी चाळीस. डावे चाक एकदा कडेच्या मुरमावर गेले, खडखड झाली, ते सावरले. थोड्या वेळाने पुन्हा गेले. बिबीची पाटी आली आणि मागे पडली. ती वाचली गेली नाही.

मी ओरडले नाही. चालवणाऱ्याला दचकवणे हा आणखी एक अपघातच. मी म्हणाले, "अहो, मला जरा उतरायचंय. पुढं टपरी दिसली की घ्या बाजूला." टपरी दिसली. गाडी थांबली. मी किल्ली काढून घेतली आणि चहा सांगितला.

झोपेची डुलकी म्हणजे मान खाली पडणे, असे आपण समजतो. प्रत्यक्षात पहिल्या डुलक्या तीन-चार सेकंदांच्या असतात, डोळे उघडे असतानाही येतात आणि ज्याला येतात त्याला त्या कळतही नाहीत. ताशी ऐंशीच्या वेगाने चार सेकंदांत गाडी जवळजवळ नव्वद मीटर पुढे गेलेली असते. तेवढ्या अंतरात एखादी बैलगाडी, सायकलवरचे शाळकरी पोर, कुत्रे, काहीही असू शकते. काच उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, सुपारी चघळणे, तोंडावर पाणी मारणे यांनी झोप जात नाही, घटकाभर लपते. थांबणे हाच उपाय. चहा घ्यावा, पण त्याचा परिणाम व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात. म्हणून चहा पिऊन लगेच वीस मिनिटे पाठ टेकणे योग्य. दुपारी दोन ते चार या वेळेत शरीराचे घड्याळच मंदावते. ते जेवणामुळे होते असे लोक म्हणतात. जेवणाने ते वाढते, हे खरे. पण उपाशी माणसालाही ती वेळ जड जाते.

आमच्या बाबतीत मात्र अजून एकच वाजला होता आणि जेवणही झालेले नव्हते. मग ही पेंग कसली? चष्मा पुसायला ह्यांनी खिशातून रुमाल काढला आणि त्याबरोबर गोळ्यांची एक पट्टी बाकावर पडली. दहांपैकी सात गोळ्या संपलेल्या. कोकणात ह्यांना सर्दी झाली होती. वाटेतल्या एका औषधाच्या दुकानातून त्यांनी ती पट्टी घेतली होती आणि सर्दी परतीच्या वाटेवर पुन्हा बळावल्यापासून ते सकाळ-संध्याकाळ एकेक घेत होते. मला सांगितले नव्हते. सांगण्यासारखे त्यात काही आहे असे त्यांना वाटलेच नव्हते. सर्दीची गोळी ती काय!

वाचकहो, या "काय" पाशी आपण थांबू या. सर्दीच्या अनेक गोळ्यांत क्लोरफेनिरामिन नावाचे औषध असते. नाक वाहणे थांबवते, आणि गुंगी आणते. तरुणाच्या शरीरातून ते तुलनेने लवकर निघून जाते. वय झाल्यावर यकृत आणि मूत्रपिंड सावकाश काम करतात, त्यामुळे कालची गोळी आजही अंगात असते आणि तिच्यावर आजची पडते. वृद्धांत अशा औषधांनी गोंधळल्यासारखे होते, तोल जातो, तोंडाला कोरड पडते. प्रोस्टेटची गाठ वाढलेल्या पुरुषांत लघवी तुंबू शकते. त्याच गोळीत पुष्कळदा नाक मोकळे करणारे दुसरे औषध असते. त्याने रक्तदाब चढू शकतो. खोकल्याची काही औषधे, गाडी लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या, खाज थांबवणाऱ्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, या सर्वांची गत थोडीफार अशीच. म्हणून आपल्या घरातल्या ज्येष्ठांच्या औषधांची यादी करताना केवळ डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे लिहू नका. दुकानातून, शेजाऱ्याकडून, मुलाच्या कपाटातून घेतलेलेही त्यात लिहा. काळजी घेणाऱ्यांना माझे सांगणे आहे की "औषधं घेतलीत का?" हा प्रश्न आपण रोज विचारतो, "आणखी काय घेतलंत?" हाही विचारावा.

टपरीवाल्याने पट्टी पाहिली, ह्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "काका, बसा नं थोडं. कायची घाई हाय?" ह्यांना राग आला होता. तो त्या माणसावर नव्हता, गोळीवर नव्हता, बहुधा माझ्यावरही नव्हता. अठ्ठेचाळीस वर्षे गाडी चालवून एकदाही कोणाला खरचटले नाही, हा त्यांचा अभिमान आहे आणि तो खरा आहे. अशा माणसाच्या हातातून कोणी किल्ली काढून घेतली म्हणजे काय होते, हे तुमच्यापैकी अनेकांनी घरात अनुभवले असेल.

टपरीवाल्याचा पुतण्या गाडी चालवत असे. मी आधी त्याचा परवाना पाहायला मागितला; त्याने हसत दाखवला. लोणारपर्यंत सोडण्याचे पैसे मोकळेपणाने ठरले. परतीला त्याला काही ना काही वाहन मिळणारच होते. ह्यांना मी शेजारच्या आसनावर बसवले. पाच मिनिटांत त्यांना गाढ झोप लागली. खेडोपाडी अशी मदत मिळते, फक्त मागावी लागते आणि मागताना लाजू नये. वेळ पडली तर गाडी ओळखीच्या ठिकाणी ठेवून एसटीनेही घरी जाता येते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना आपल्या राज्यात साध्या एसटीचे तिकीट लागत नाही, पासष्टच्या पुढे निम्मे लागते, बायकांनाही निम्मेच. गाडी दोन दिवसांनी आणता येते.

लोणारला पोहोचलो तेव्हा घर साधारण शंभर किलोमीटरवर होते. मेहकर, जानेफळ, खामगाव, अडीच तास. जेवण झाले, ह्यांना बरे वाटू लागले आणि म्हणाले, "आता निघू. अंधाराच्या आत पोहोचतो." मी म्हटले, "आज इथंच राहू." त्यांना ते हास्यास्पद वाटले. सव्वीस दिवस परमुलखात काढायचे आणि घर अडीच तासांवर आले असता मुक्काम करायचा! लोक काय म्हणतील? मी त्यांना पालखीची आठवण दिली. खामगावहून शेगाव तर सोळाच किलोमीटर. ते काही बोलले नाहीत, पण सामान उतरवू दिले.

या मधल्या काळात नागपूरहून मुलीचे तीन फोन येऊन गेले होते. "कुठपर्यंत आलात? किती वाजतील?" मुलांची काळजी खरी असते, मला मान्य आहे. पण असा प्रत्येक फोन चालवणाऱ्याच्या पाठीवर चाबकासारखा बसतो. घरच्यांनी वेळ विचारू नये. थांबलात का, जेवलात का, पाय मोकळे केलेत का, एवढेच विचारावे. आणि फोन चालवणाऱ्याजवळ नसावाच. आम्ही लोणारला राहतोय म्हटल्यावर ती घाबरली. "काय झालं, आई?" "काही झालेलं नाही," मी म्हणाले, "म्हणूनच राहतोय."

लोणारविषयी आपण सर्वांनी शाळेत वाचले आहे. काळ्या बेसाल्ट खडकात उल्कापाताने पडलेले हे विवर सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे आहे. तळाशी खारे आणि अल्कधर्मी पाणी. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झाले तेव्हा देशभर चर्चा झाली. मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तसे झाल्याचे संशोधकांनी सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. खाली उतरण्याची वाट उताराची, सैल दगडांची आहे. गुडघे दुखत असतील तर उतरू नका. उतरणे जमते, चढणे जमत नाही, आणि खाली वाहन येत नाही. सरोवराचे खरे रूप काठावरूनच दिसते. खाली गेल्यावर झाडी आणि पाणी दिसते. वरून तो प्रचंड वाडगा दिसतो. गावातले दैत्यसूदनाचे मंदिर मात्र चुकवू नका. काळ्या दगडाच्या भिंतींवरचे कोरीवकाम बाहेरून फिरत पाहता येते. आत काळोख आहे. उन्हातून आत जाताना उंबरठ्याशी दोन मिनिटे थांबावे, कारण या वयात डोळे अंधाराला सरावायला वेळ घेतात आणि पाय तोवर पायरी शोधत असतो.

तीच गोष्ट रात्रीच्या वाहनचालनाची. समोरून दिव्यांचा झोत आला की वीस वर्षांचा डोळा क्षणात सावरतो; सत्तरीतल्या डोळ्याला कितीतरी अधिक वेळ लागतो, आणि मोतीबिंदूची सुरुवात असेल तर प्रकाश सगळीकडे फाकतो. त्या दिवशी सहाच्या सुमारास सूर्य मावळला. आम्ही काठावर बसून पाहत होतो. पाणी आधी राखाडी झाले, मग काळपट. मोरांचे आवाज खालून येत होते. बराच वेळाने हे म्हणाले, "बिबीच्या आधी दोनदा माझ्यापुढं रस्ता नव्हताच."

मी काही बोलले नाही.

"म्हणजे आता गाडी बंद, असंच ना?"

"गावातली नाही," मी म्हणाले. "रात्रीची बंद. लांबची, डॉक्टर सांगतील तशी."

ह्या संभाषणाची पाळी प्रत्येक घरात येते आणि बहुतेक घरांत ती वाईट तऱ्हेने पार पडते. मुले एके दिवशी किल्ल्या लपवतात, किंवा गाडी विकून टाकतात, आणि वडील महिनाभर बोलत नाहीत. गाडी सुटणे म्हणजे नुसते वाहन सुटणे नव्हे. भाजी आणायला, बँकेत, मित्राकडे कोणाला न विचारता जाण्याची मोकळीक त्यासोबत जाते. म्हणून ती एकदम तोडू नये, टप्प्याटप्प्याने उतरवावी. आधी अंधार, मग महामार्ग, मग दिवसाला दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतर. जे बंद करायचे त्याच्या जोडीला काय चालू राहील हेही सांगावे. पंचावन्न वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी होते आणि त्याला वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. हे प्रमाणपत्र आपल्याकडे पुष्कळदा सहीपुरते असते. त्याऐवजी ती खरीखुरी तपासणी करून घ्यावी. दृष्टी, श्रवण, मान दोन्ही बाजूंना किती वळते, पाय ब्रेकवर किती चटकन जातो, सध्या कोणती औषधे आहेत, हे सर्व डॉक्टरांनी पाहिले म्हणजे निर्णय घरातल्या कोणाचा राहत नाही. बापाला तो मुलाकडून ऐकण्यापेक्षा डॉक्टरांकडून ऐकणे सोपे जाते.

रात्री जेवताना ह्यांची कळी थोडी खुलली. त्यांनी टिपेश्वरच्या वाघाची गोष्ट काढली. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ मध्ये निघालेला एक तरुण वाघ तेराशेहून अधिक किलोमीटर चालत आमच्या जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे त्याची वाट कळली. "तोसुद्धा दिवसा झोपायचा आणि रात्री चालायचा," हे म्हणाले. मी म्हटले, "त्याला मोतीबिंदू नव्हता." ते हसले. त्या दिवसातले ते पहिले हसू.

मधुमेह असणाऱ्यांसाठी त्या दिवसातली आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. टपरीवरच्या गडबडीत जेवण लांबले आणि मला घाम येऊन हात थरथरू लागले. नणंदेचा तिळगूळ जवळच होता, पण मी ग्लुकोजची पूड पाण्यात घालून घेतली. तिळातल्या तेलामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. अशा वेळी ग्लुकोज किंवा नुसती साखरच हवी. नंतर पोळी खावी. ही पुडी हाताशी असावी, मागच्या डिकीत नव्हे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत कधीही सोडू नये, हिवाळ्यातही. उतरताना पिशवी बरोबर घ्यावी.

दुसऱ्या दिवशी खामगावहून माझा भाचा सकाळच्या एसटीने निघाला आणि मेहकरला बस बदलून अकराच्या आत लोणारला आला. सर्दीची गोळी आदल्या सकाळपासून बंद होती, तरी ह्यांनी गाडी मागितली नाही. ते त्याच्या शेजारी बसले, मी मागे. मेहकरला पैनगंगा ओलांडली. ही नदी आमच्याच जिल्ह्यात, बुलढाण्याजवळच्या डोंगरात उगम पावते. शारंगधर बालाजीचे दर्शन घेतले. १८८८ मध्ये जमिनीत सापडलेली ती काळ्या पाषाणाची उंच मूर्ती मी लहानपणानंतर प्रथमच इतक्या सावकाश पाहिली. पुढे जानेफळ. हे प्रत्येक पाटी वाचत होते, भाच्याला गावागावाची माहिती देत होते, आणि भाचा निमूटपणे ऐकत होता.

दुपारी दीडला घरी पोहोचलो. शेजारणीने भाकरी आणि वांग्याचे भरीत आणून ठेवले होते. हे लगेच डिकी उघडायला निघाले, मी थांबवले. दोन-अडीच तास बसून आल्यावर वाकून जड बॅगा उचलल्या की कंबर धरते, आणि पुष्कळांची कंबर प्रवासात नाही तर प्रवास संपल्यावर अंगणात धरते. औषधांची पिशवी, पाण्याची बाटली आणि नणंदेचा डबा एवढेच आम्ही आत नेले. बाकीचे सामान भाच्याने संध्याकाळी काढले. दहांतल्या उरलेल्या तीन गोळ्या मी डॉक्टरांना दाखवायला वेगळ्या ठेवल्या, आणि सोमवारची वेळ घेतली. डोळ्यांच्या डॉक्टरांची बुधवारची मिळाली.